घरचा बँडसॉ, भाग ३: चाक, कूलर आणि तान्हा पोळा

बँडसॉ म्हणजे दोन चाकांवर पट्ट्यासारखं सलग पातं फिरवणारी करवत, ती मी घरीच बनवतोय. एप्रिलअखेर फ्रेम उभी झाली होती, दोन्ही चाकं शाफ्टवर चढली होती, आणि मी घरात जाहीर करून बसलो होतो की तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलं लाकडी बैल मिरवतात त्या सणाला, भाच्याचा बैल याच मशीनवर कापणार. बैल झाला. पण मधले तीन महिने एका चाकानं खाल्ले, त्यामुळे या वेळची नोंद बैलापेक्षा त्या चाकाचीच जास्त आहे.

आधी मापं, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. चाकं ४०० मिमी व्यासाची, म्हणजे जवळपास १६ इंची, १२ मिमी प्लायचे तीन थर चिकटवून केलेली. दोन चाकांच्या मध्यांतलं अंतर ८०० मिमी, म्हणून पात्याची लांबी दोन वेळा ८०० अधिक चाकाचा घेर १२५७, एकूण २८५७ मिमी. मोटर कबाड्याकडची, एक एचपी, १४४० आरपीएम. मोटरवर तीन इंची पुली, खालच्या चाकाच्या शाफ्टवर सहा इंची, म्हणजे चाक ७२० नं फिरतं आणि पातं मिनिटाला साधारण ९०५ मीटर पळतं. लाकडासाठी हा वेग बरोबर आहे. खालचा शाफ्ट २० मिमीचा, यूसीपी २०४ या बेअरिंगच्या दोन ब्लॉकमध्ये. वरचं चाक स्थिर शाफ्टवर, हबमध्ये दोन ६२०४ बेअरिंग.

चाकावरचं रबर म्हणजे चेतक स्कूटरची जुनी ट्यूब. टायर ३.५०-१० चा, म्हणजे साडेतीन इंच रुंद आणि दहा इंची रिमचा, म्हणून त्याच्या ट्यूबचा बाहेरचा पट्टा कापून घेतला की १६ इंची चाकावर चांगला ताणून बसतो. पंक्चरवाल्याकडे अशा ट्यूबा पडलेल्याच असतात. त्यानं पैसेही घेतले नाहीत, वर विचारलं, "गुलेल बनवता का?"

मोटर पहिल्यांदा सुरू केली तर उलटी फिरली. दाते टेबलाकडे खाली जायला हवेत, ते वर चाललेले. सिंगल फेज मोटर, स्टार्टिंग वाइंडिंगची दोन टोकं अदलाबदल केली, पाच मिनिटांचं काम. असलेच घोळ सगळे असते तर काय हवं होतं!

पात्यानं मात्र रडवलं. इथं नागपुरात लकडगंजातल्या आरागिरण्यांत पाती रुंद, अर्ध्या इंचाला तिथं कोण विचारतो. गुंडाळीतून सलग पट्टी आणली, अर्धा इंच रुंद, अर्धा मिमी जाड, इंचाला चार दाते. जोड घरीच द्यायचा ठरवला. दोन्ही टोकं तिरपी घासायची, एकावर एक बसवायची, मध्ये टाकणखार आणि चांदीचा डाख. डाख इतवारीच्या सराफ्यातून आणला. कशाला हवा म्हणून सोनारानं विचारलं, मी करवतीचं पातं दाखवलं, तर तो दुकानातल्या बाकीच्यांना बोलावून दाखवत बसला. पहिला जोड टिचला, कारण घाईत मी त्यावर पाणी मारलं. पात्याचं पोलाद असं एकदम गार केलं की काचेसारखं कडक होतं. दुसरा जोड पाण्याविना केला, तोही वाकवताना तडकला. हवेत गार होतानाही एवढी पातळ पट्टी कडक होते. तिसऱ्याला जोड गार झाल्यावर हलक्या ज्योतीनं पुन्हा तापवला, निळसर झाक दिसेपर्यंत, आणि मग सावकाश गार होऊ दिला. हा जोड अजून टिकून आहे.

आता चाक.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात पातं चढवलं, ताण दिला, हातानं फिरवलं. पातं वरच्या चाकावर पुढे यायचं, मागे जायचं, पुन्हा पुढे. वरच्या चाकाचा कल बदलला, काही फरक नाही. पातं मधोमध राहावं म्हणून चाकाची कड मधोमध दीड मिमी उंच ठेवलीय, तिचा आकार चुकला असेल म्हणून पॉलिश पेपर मारत बसलो. त्यानं फक्त ट्यूब खराब झाली. मोटर लावल्यावर पात्याच्या फडफडीचा आवाज असा येई की शेजारच्या गच्चीवरचे काकाजी वाळवण सोडून बघायला आले.

खालच्या चाकाला डायल गेज, म्हणजे सुईनं बारीक हालचाल मोजणारं माप, लावलं. कडेला १.६ मिमीचा डगमग. मनाशी पक्कं केलं की शाफ्ट वाकडा आहे, आणि तो काढून हिंगण्याला खरादवाल्या भाऊंकडे घेऊन गेलो. त्यांनी व्ही-ब्लॉकवर, म्हणजे व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यांवर, ठेवून फिरवला. सुई जेमतेम दोन शतांश मिमी हलली. म्हणाले, "भाऊ, शाफ्ट एकदम सरळ हाये. तुमचं चाकच वाकडं होऊन राहिलं असंन." मला राग आला. चाक मी स्वतः कापलेलं, शाफ्टवर बसवून पटाशीनं गोल केलेलं.

तिथंच थांबून विचार केला असता तर पेट्रोल वाचलं असतं. शाफ्ट वाकडा असेल तर चाकाच्या एका फेऱ्यात सुई एकदा पुढे, एकदा मागे जाईल. माझी सुई एका फेऱ्यात दोनदा पुढे आणि दोनदा मागे जात होती. याचा अर्थ चाकच खोगिरासारखं वळलेलं. हे डोळ्यांसमोर होतं, वहीत लिहिलेलंही होतं, आणि तरी मी शाफ्ट घेऊन हिंगण्याला गेलो. घरी येऊन चाकावर स्टीलची पट्टी आडवी ठेवली, सपाट बसली. उभी ठेवली, तर मधून उजेड.

का, हे आईनं सांगितलं. ती शेडमध्ये चहा द्यायला आली होती. मानेवाड्याला घरामागं माझं टिनाचं शेड आहे. मेमध्ये बाहेर ४५ डिग्री, आत त्याहून जास्त, म्हणून खिडकीला कूलर. चाक मी काम नसलं की काढून भिंतीला टेकवून ठेवत असे, नेमकं कूलरच्या झोतासमोर. आई म्हणाली, "कूलरच्या पुढं पापडही मऊ पडते. अन् तू लाकूड ठेवून राहिला?"

साधा कमर्शियल प्लाय, कडांना आणि तोंडाला काहीही न लावलेला. एका बाजूनं दिवसभर दमट हवा, दुसरी बाजू तापलेल्या भिंतीला. ओली बाजू फुगली, कोरडी आक्रसली, चाक वळलं. हिवाळ्यात किंवा पुण्याकडे हीच चूक खपून गेली असती.

कूलर बंद केला. नवतपाचे, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाचे, नऊ दिवस मी पहाटे पाच ते आठ काम केलं, चाक चार विटांवर आडवं ठेवलं, दोन्ही बाजूंना हवा लागेल असं. जूनच्या पहिल्या आठवड्यात डगमग ०.६ वर आला आणि तिथंच अडकला. उरलेला काढायला खालचं चाक त्याच्याच शाफ्टवर फिरवलं, समोर लाकडाचा टेका बांधला आणि पटाशीनं तोंड आणि कड पुन्हा छिलली. चष्मा आणि मास्क लावूनच करा, प्लायच्या गोंदाचा भुसा घशात वाईट लागतो. वरच्या चाकाला मोटर नाही, त्यामुळे तेही खालच्या जागी बसवून छिललं. मग दोन्ही चाकांना चपडा पॉलिशचे चार हात, बोल्टच्या भोकांच्या आतूनसुद्धा. भोकं विसरू नका, प्लाय पाणी पितो तो कडांमधूनच.

समतोल सोपा. मोटरचा पट्टा आणि पातं काढून चाक मोकळं फिरू द्यायचं, जड बाजू खाली येऊन थांबते, तिथं मागून उथळ भोक पाडायचं. सहा भोकांत काम झालं.

ताण किती द्यायचा याचा अंदाज आवाजावरून घेणारे आहेत, माझा कान तेवढा तयार नाही. मी पात्यावर २०० मिमी अंतरानं दोन छोटे क्लॅम्प लावले आणि मध्ये व्हर्नियर. ताणल्यावर अंतर ०.१ मिमीनं वाढलं की पोलादात दर चौरस मिमीला १०० न्यूटन ताण आला. माझ्या पात्याला तो सहाशे न्यूटन, आणि चाकाच्या दोन्ही बाजूंनी ओढ असल्यामुळे वरच्या शाफ्टवर १२० किलोच्या आसपास भार. फ्रेमचा वरचा हात आधी दोन थरांचा होता, तो तीन थरांचा केला तो या हिशेबानंतर.

पातं इकडेतिकडे सरकू नये म्हणून बाजूंना जे गाइड असतं, त्याला बेअरिंग न लावता तेलात मुरवलेल्या बाभळीचे ठोकळे लावलेत. कागदाएवढी फट, दात्यांच्या मुळाच्या मागे. पाठीमागे फक्त एक ६०८ बेअरिंग.

ऑगस्टमध्ये, सगळं दमट असताना, पुन्हा डायल लावलं. ०.२. पातं जागेवर. पहिला काप महाल भागातल्या पाडलेल्या वाड्याच्या सागवानी चौकटीचा, पाच इंच उंच. आधी चुंबक फिरवून तीन खिळे काढले. चार मिमीची फळी वरपासून खालपर्यंत एक सूतही इकडेतिकडे न होता निघाली. ती मी दोन दिवस बैठकीत ठेवली होती, पाहुण्यांना दाखवायला.

बैलाच्या वेळी कळलं की अर्धा इंची पातं अडीच इंचाच्या आतल्या त्रिज्येत वळत नाही. पाठ, पोट, पाय जमले. शिंगांशी पातं अडकलं, मी जोर केला, डावं शिंग उडून भुशात गेलं. शेवटी दोन्ही शिंगं हातकरवतीनं वेगळी कापून चिकटवली. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी भाच्यानं ओढत नेला तेव्हा डावं पुन्हा निघालं, आणि त्यानं ते खिशात ठेवून मिरवणूक पूर्ण केली.

पाव इंची पट्टी आणून ठेवलीय. ती पाऊण इंचाच्या आतसुद्धा वळते, पण एवढ्या अरुंद पट्टीवर जोड तिरपा घासायला बोटांनी धरणं जमत नाही, त्यासाठी आधी एक साचा करावा लागेल. पात्याच्या दारांना कडी नाही, तीही राहिलीय. तोवर मशीन लावताना भाचा शेडच्या बाहेर.