फियाटची वही

कोल्हापुरात एखाद्याला ‘नाद आहे’ असे म्हटले जाते, तेव्हा त्यात कौतुक किती आणि काळजी किती, हे बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ओळखावे लागते. जुनी गाडी विकत घेऊन ती पुन्हा रस्त्यावर आणण्याचा विचार मी जानेवारी २०२३मध्ये घरात बोलून दाखवला, तेव्हा समोरच्या चेहऱ्यावर कौतुक अजिबात नव्हते. एका सहकारी बँकेच्या कर्जविभागात मी बावीस वर्षे काढली आहेत. लोकांच्या ट्रॅक्टरची आणि टेम्पोची कागदपत्रे तपासून ‘एवढे झेपणार नाही’ असे त्यांना समजावून सांगणे हेच माझे काम. त्यामुळे सौ.ने एवढेच विचारले, “अहो, हे प्रकरण तुमच्या टेबलावर आले असते, तर मंजूर केले असते का?” नसते केले. पन्नास वर्षांच्या गाडीवर कर्ज देणारी बँक माझ्या पाहण्यात नाही, आणि एका अर्थी तेच माझ्या पथ्यावर पडले, कारण हप्त्यांचा मोह आपोआप दूर झाला. मुदत संपलेली एक ठेव होती. शंभर पानी वही घेतली आणि पहिल्या पानावर, कोणतीही गाडी पाहण्याआधी, मर्यादा लिहिली : ३,५०,००० रुपये.

लहानपणी दसऱ्याला वडिलांच्या खांद्यावर बसून दसरा चौकात छत्रपती घराण्याची मेबॅक मोटार येताना पाहिली होती, म्हणून हा नाद लागला, असे सांगितले तर ते शोभून दिसेल. पण ते पूर्ण खरे नाही. मेबॅक ही लांबून नमस्कार करण्याची वस्तू. खरा नाद लागला तो मंगळवार पेठेत आमच्या गल्लीत राहणाऱ्या डॉक्टरांच्या फियाटमुळे. तिचा गिअर स्टिअरिंगच्या दांडीवर होता, आणि डॉक्टर तो वर-खाली करताना असे काही शांत दिसत, की मोठेपणी आपणही असेच दिसावे असे मला वाटे.

असे असूनही मी आधी फियाट पाहिलीच नाही. फेब्रुवारीत सांगलीतील एका वाड्यात स्टँडर्ड हेराल्ड असल्याचे कळले आणि मी धावत गेलो. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने बनवलेली ही गाडी, मिकेलोत्ती या इटालियन माणसाने रेखाटलेली. तिचे बॉनेट मडगार्डांसकट पुढच्या बाजूला उलगडते आणि अख्खे इंजिन समोर उघडे पडते. मालकांनी ते उलगडून दाखवले, तेव्हा माझ्या हातातील वही बंद झाली होती. ही गाडी स्वतंत्र चासीवर बसवलेली असल्याने सांगाडा नीट असेल तर वरचा पत्रा सुटा करून दुरुस्त करता येतो, असे समर्थनही मी मनात तयार करून ठेवले. इसार देण्यापूर्वी केवळ सवयीने दाराच्या आतील पुठ्ठा थोडा ओढून पाहिला. आत बोटभर जाडीचा, वाळून भेगा पडलेला, चॉकलेटी गाळ होता. ऑगस्ट २०१९च्या महापुराचा. मालकांनी गाडी पुरात होती हे लपवले असे मी म्हणणार नाही; मी विचारले नव्हते. पण दारात गाळ आहे म्हणजे चासीच्या पोकळ नळ्यांतही तो साडेतीन वर्षे ओल धरून बसलेला असणार, आणि या गाडीचे सुटे भाग मिळवणे आधीच दुरापास्त. परतताना अंकलीच्या पुलावर गाडी थांबवून मी वहीत दोन पाने भरून खर्च मांडला, आणि बेरीज न करताच पाने फाडली.

त्यानंतर ठरवले की गाडी पाहायला एकट्याने जायचे नाही. उद्यमनगर या कोल्हापूरच्या कारखान्यांच्या भागात तीस वर्षे गाड्यांची कामे करणारे एक मिस्त्री ओळखीचे होते. त्यांना घेऊन मार्चमध्ये कागल तालुक्यातील एका गावी गेलो. गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये १९७१ची फियाट ११०० डिलाइट उभी होती. हीच गाडी पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने घरोघरी माहीत झाली. छतावर वैरणीचा भुसा होता, मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसली होती, आणि इंजिन जाम होते. मी खचलो. मिस्त्रींनी मात्र इंजिनाकडे पाहिलेही नाही. “साहेब, इंजिनचं काय घिऊन बसलाय? इंजिन उद्यमनगरात हुतंय. पत्रा कुठं हुतोय ते सांगा.”

या एका वाक्याने माझा सगळा हिशेब उलटा झाला. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांनी आणि लेथवाल्यांनी शेतीची इंजिने घडवली आहेत. ६८ मिलिमीटर व्यासाचे चार सिलिंडर बोअर करणे, क्रँक ग्राइंडिंग करणे ही त्यांच्या दृष्टीने सकाळची कामे. फियाटला मात्र वेगळी चासी नाही. तिचा पत्रा हाच तिचा सांगाडा. दारांखालून जाणारा लांब पोकळ पत्रा, तळाचा पत्रा आणि मागचे पाटे जिथे अडकवलेले असतात ती जागा, ही तीन ठिकाणे गंजली तर ती गाडी नसून गाडीच्या आकाराचे भंगार असते.

मिस्त्रींनी खिशातून रुमालात गुंडाळलेले लोहचुंबक काढले आणि ते दारांच्या खालच्या कडेने हळूहळू फिरवत नेले. उजवीकडे ते सर्वत्र चिकटले. डावीकडे मागच्या चाकाच्या अलीकडे ते एकाएकी सुटून मातीत पडले. तिथे रंगाखाली पत्रा नव्हता, पुट्टी होती. त्यांनी स्क्रूड्रायव्हर टोचला, तो मुठीपर्यंत आत गेला. मग त्यांनी जॅक मागवला, डावी बाजू वीतभर उचलली आणि मला मागचे दार लावायला सांगितले. दोन मिनिटांपूर्वी सहज लागणारे दार आता खालच्या कडेला घासू लागले आणि खटक्यात बसेना. गाडी उचलली की ती मधोमध वाकत होती. उजवी बाजू उचलली तेव्हा दार व्यवस्थित लागले. “निम्मी गाडी चांगली हाय,” असा निर्वाळा मिस्त्रींनी दिला. गाडी घेण्याचा विचार असणाऱ्याने बाकी काही नाही तरी ही जॅकची परीक्षा अवश्य करावी. तिला पाच मिनिटे लागतात आणि विकणाऱ्यालाही तिच्यासमोर वाद घालता येत नाही. ९५,००० रुपये सांगितलेली किंमत त्या दाराने ७२,००० वर आणली.

त्या रात्री वहीत अंदाज मांडला. गाडी ७२,०००, आणण्याचे ५,०००, इंजिन आणि गिअरबॉक्स ६०,०००, ब्रेक-टायर-स्टिअरिंग ४५,०००, पत्रा ६०,०००, रंग ५०,०००, वायरिंग-सीट-रबर ३५,०००, कागदपत्रे १५,०००. बेरीज ३,४२,०००. मर्यादेपेक्षा नेमकी आठ हजारांनी कमी! ग्राहकाने असा प्रकल्प अहवाल आणला असता तर मी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिले असते, कारण आकडे मर्यादेत बसावेत म्हणून ते मागून पुढे लिहिले गेले आहेत हे उघड होते. मिस्त्रींचे म्हणणे होते, पत्र्याचा आकडा दुप्पट धरा. तसा धरला तर बेरीज ४,०२,००० होत होती. आणि अशी तयार गाडी विकायची म्हटली तर? चार ठिकाणी विचारले. अडीच लाखांच्या वर कोणी बोलेना. म्हणजे ज्या दिवशी गाडी पूर्ण होईल, त्या दिवशी दीड लाखाचा खड्डा पक्का. सौ.ने तो आकडा दोनदा वाचला आणि म्हणाली, “हे दीड लाख गेले असे धरूनच घ्यायची असेल तर घ्या. पुढे ‘किंमत वाढेल’ असे मला सांगायचे नाही.” ही अट मी वहीत लिहून घेतली. तडजोड अशी ठरली की साडेतीन लाखांत फक्त चालणारी, थांबणारी आणि कायद्याने रस्त्यावर येऊ शकणारी गाडी तयार करायची. रंग, सीट, क्रोम हे डोळ्यांना दिसणारे सगळे पुढच्या वर्षीच्या पैशातून.

कागदपत्रांची गोष्ट थोडक्यात सांगतो, जरी ती घडताना थोडक्यात घडली नाही. नोंदणी पुस्तक विक्रेत्याच्या दिवंगत आजोबांच्या नावावर होते. अशा वेळी आधी वारसाच्या नावे नमुना ३१ने हस्तांतर, मग नमुना २९ आणि ३०ने खरेदीदाराच्या नावे, असा क्रम असतो, आणि इतर वारसांची संमती लागते. त्यांतील एक आत्या बेळगावात होत्या. हाताने लिहिलेले जुने पुस्तक संगणकप्रणालीवर चढलेले नव्हते, त्यामुळे त्याची नोंद आधी करून घ्यावी लागली. मी वीस हजार इसार देऊन उरलेली रक्कम सर्व सह्या होईपर्यंत राखून ठेवली, आणि त्याहीआधी चासी नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासली. गंजातून आकडे उमटायला अर्धा तास गेला, पण पुस्तकाशी ते जुळले. हे जुळले नसते तर ७२,००० रुपयांचे भंगार घेतल्यासारखेच होते.

एक निर्णय मात्र विचार करून घ्यावा लागला. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेली आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. ती नोंदणी दहा वर्षे चालते. पण अशी गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. साध्या नोंदणीच्या नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२पासून ५,००० रुपये झाले होते, शिवाय उशिराबद्दल दरमहा ५०० रुपये, आणि दर पाच वर्षांनी पुन्हा तपासणी. मला गाडी घेऊन रविवारी पन्हाळ्याला जायचे होते, रॅलीत नव्हे. म्हणून साधे नूतनीकरण निवडले.

इंजिनाचे काम सुखाचे झाले. प्लगच्या भोकांतून रॉकेल आणि डिझेल ओतून आठवडाभर ठेवले, मग क्रँकच्या पुलीला पाना लावून मिस्त्रींनी एक हलका झटका दिला आणि १०८९ सीसीचे ते इंजिन कण्हल्यासारखा आवाज करून हलले. उद्यमनगरातील तीन वेगवेगळ्या गाळ्यांत बोअर, क्रँक आणि हेड अशी कामे होऊन ते ५४,००० रुपयांत उभे राहिले. अंदाजापेक्षा कमी लागलेला वहीतील हा जवळजवळ एकमेव आकडा.

पत्र्याने त्याचा सूड घेतला. पहिल्या डेंटरने जूनमध्ये चाळीस हजार आगाऊ घेतले आणि गाडी पाच महिने त्याच्या शेडबाहेर ताडपत्रीखाली ठेवली. जे थोडे काम त्याने केले, त्यात सडलेला पत्रा कापण्याऐवजी त्यावर नवा पत्रा डकवून वर पुट्टी भरली होती. मिस्त्रींचे लोहचुंबक पुन्हा मातीत पडले. मी भांडलो, पैसे अर्धेच परत मिळाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सींची वीस वर्षांची मुदत संपून त्या रस्त्यावरून गेल्याची बातमी आली. मला ती हळहळीपेक्षा व्यवहाराची वाटली : आता काही काळ भंगारातून भाग मिळतील आणि नंतर मिळणे कठीण होईल. मी लगेच मुंबईला जाऊन दारांची बिजागरे, काचा आणि जोडीचे दोन डायनॅमो आणले.

दुसऱ्या डेंटरने आधी गाडीच्या आत आडवे-उभे पाइप वेल्डिंगने जोडले, म्हणजे सडका पत्रा कापताना गाडी बसू नये, आणि मगच कापायला सुरुवात केली. हे पाहिले आणि मी निर्धास्त झालो. पत्र्याचा एकूण खर्च १,३८,००० झाला. मिस्त्रींच्या ‘दुप्पट’पेक्षाही अधिक. पहिला टप्पा तरीही ३,३९,५०० रुपयांत आटोपला, कारण दिसणारे काहीच केलेले नव्हते.

इथे माझी एक चूक झाली. रंग पुढच्या वर्षी म्हणून गाडी साध्या प्रायमरवर ठेवली. साधा प्रायमर पाणी पितो. एप्रिल २०२४मधील दोन वळिवांनी नव्या पत्र्यावर तांबूस ठिपके उमटले. ते घासून, इपॉक्सी प्रायमर मारून, पावसाळ्यापूर्वी रंग देणे भाग पडले, आणि दुसऱ्या टप्प्याचे पैसे ठरल्यापेक्षा आधी काढावे लागले. एकूण खर्च ४,३२,५००.

पेट्रोलचा खर्च अजून वहीत येतोच आहे. इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुन्या रबराला फुगवते आणि टाकीत ओल धरते, म्हणून सगळ्या नळ्या आणि पंपाचा पडदा बदलला. आमच्याच जिल्ह्यातील उसाच्या मळीने आमचीच फियाट आजारी पडावी, याला काय म्हणावे?

जूनमध्ये परिवहन कार्यालयातील तपासणी झाली आणि त्यानंतरच्या रविवारी आम्ही दोघे पन्हाळ्याला निघालो. वाघबिळाच्या चढावर तापमानाचा काटा चढू लागला, तेव्हा मी दुसऱ्या गिअरमध्येच गाडी बाजूला घेतली आणि बॉनेट उघडून उभा राहिलो. सौ. मागच्या सीटवरून पाण्याचा कॅन घेऊन आली. पंचवीस मिनिटांत चार अनोळखी माणसे थांबली. तिघांनी ‘आमच्याकडे पण होती’ असे सांगितले आणि एकाने विकणार का, किती घेणार, असे विचारले. सौ.ने माझ्याआधी उत्तर दिले, “साडेचार लाख.” तो हसून निघून गेला. काटा खाली आल्यावर आम्ही वर गेलो, झुणका-भाकर खाल्ली आणि उतरताना ब्रेक फारसा न दाबता इंजिनाच्या ओढीवरच बहुतेक घाट उतरलो. पुढचा बंपर क्रोम करायचा राहिला आहे. तो वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवला आहे.