चार काड्या कोथिंबीर

स्वयंपूर्ण व्हायचं, हे आमच्या घरात ठरलं ते कोथिंबिरीपासून. गांधीजींनी सूत धरलं, आम्ही धने धरले. पिठापासून तेलापर्यंत सगळं वाण्याकडून आणणाऱ्या माणसाने खिडकीच्या ग्रिलमध्ये चार कुंड्या मांडून स्वावलंबनाच्या गप्पा माराव्यात, हे जरा अतीच. त्यातून भाजीवाला ज्या दोन गोष्टी न मागता पिशवीत टाकतो, नेमक्या त्यांच्यापासूनच सुरुवात. म्हणजे जे फुकट मिळतं त्यात आम्ही स्वयंपूर्ण!

पण हिशेब मांडला की यात अगदीच वेडेपणा नाही हे लक्षात येतं. वर्षाचे गहू पिकवायचे तर वावर लागतं. कांदे-बटाट्यांचं तेच. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने तो नाद सोडलेलाच बरा. हिरव्या मसाल्याची गरज मात्र मुळातच चिमूटभर असते. पोह्यांवर भुरभुरायला चार काड्या कोथिंबीर, फोडणीला कढीपत्त्याची सात-आठ पानं, चहात गवती चहाचं एखादं पातं, ताकात दोन पानं पुदिना. बाजार मात्र जुडीच देतो. मग त्यातली पाव जुडी संपते आणि उरलेली फ्रीजच्या खालच्या कप्प्यात प्लास्टिकच्या पिशवीत काळीनिळी होऊन सापडते. खिडकीचं माप आणि स्वयंपाकघराची गरज जुळते असं पीक हे एवढंच.

शिवाय कोथिंबिरीच्या भावाचा काही नेम नाही. घाऊक बाजारात तिचा भाव शेकड्यावर, म्हणजे शंभर जुड्यांवर ठरतो. कधी तो एवढा कोसळतो की नाशिककडचा शेतकरी माल रस्त्यावर ओतून रिकाम्या टेम्पोने घरी जातो. कधी एवढा चढतो की भाजीवाला फुकटच्या काडीलाही हात लावू देत नाही. दोन्ही वेळेला आपण ग्राहक म्हणून नुसतं बघत राहतो. ग्रिलमधल्या कुंडीने यातलं काही बदलत नाही, हे उघडच आहे.

पेरणी सोपी. स्वयंपाकघरातलेच धने लाटण्याखाली हलकेच रगडायचे. प्रत्येक धन्याची दोन दलं होतात आणि प्रत्येक दलात एक बी असतं, हे आयुष्यभर धने-जिरे पूड खाऊनही माहीत नव्हतं. रात्रभर भिजवून पेरायचे आणि मग आठ-दहा दिवस कुंडीकडे रोज डोकावण्याचा मोह आवरायचा. थंडीत कोथिंबीर झकास येते. मे महिन्यात मात्र चार पानं धरते न धरते तोच पांढऱ्या फुलांवर जाते. म्हणजे बाजारात ती महाग असते नेमकी तेव्हाच आमचीही रजेवर. उन्हाळ्यात टिकतात ते कढीपत्ता, गवती चहा आणि पानओवा. पानओव्याची भजी एकदा खाल्ली की कोथिंबिरीचा रागही जातो. मेथीचं तर विचारूच नका. मुंबईच्या किनाऱ्यावर वाळूत वाढणारी, बोटभर उंचीची समुद्रमेथी लोक पिढ्यान्‌पिढ्या खातायत. तशीच कोवळी रोपं हल्ली मॉलमध्ये इंग्रजी नाव लावून डबीतून विकतात. ट्रेमध्ये थोडी वाळू घातली की तीही घरी होते.

मातीचं वजन ग्रिलला पेलवत नाही, म्हणून कुंडीत तळाला उसाची चिपाडं. ती रसवंतीवाला आनंदाने देतो. त्याला ती कुठे टाकायची हाच प्रश्न असतो. (रसवंतीगृहांची नावं कानिफनाथ किंवा नवनाथच का, याचं उत्तर पुरंदर तालुक्यात आहे, पण तो वेगळा विषय.) चिपाडं, सुकी पानं आणि घरातला ओला कचरा मुरला की मूठभर मातीवर भागतं. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कँटीनच्या गच्चीवर तर कँटीनच्याच कचऱ्यावर अख्खी बाग उभी राहिली. त्यामानाने आमच्या घरातल्या वाटाण्याच्या सालींचा भार काहीच नाही.

खताच्या बाबतीत मात्र फजितीच. जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्र आंबवून केलेलं पातळ खत, करायचं म्हणून कृती काढली. नैसर्गिक शेतीचा प्रचार करणाऱ्या अमरावती जिल्ह्यातल्या सुभाष पाळेकरांनी ते घराघरांत नेलं. २०१६ साली त्यांना पद्मश्रीही मिळाली. कृती एका एकराची: २०० लिटर पाणी, १० किलो शेण, गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. आमचं ग्रिल आठ. त्या हिशेबाने आमच्या वाट्याला बेसन येतं अर्ध्या ग्रॅमहूनही कमी. आणि बांध कुठला आणायचा? शेवटी तांदूळ धुतलेलं पाणी आणि आठवड्याला वाटीभर आंबट ताक, भरपूर पाणी घालून, यावर तोडगा निघाला. खालच्या मजल्यावरच्यांच्या वाळत घातलेल्या चादरींनाही त्याचा लाभ होतो, असं त्यांनी दोनदा येऊन सांगितलंय.

सेंद्रिय बागेचा खरा कस लागतो तो कढीपत्त्यावर. एके दिवशी पानावर पक्ष्याची शीट दिसली. काळपट, मधे पांढरा पट्टा. काढायला बोट लावलं तर ती हलली. पुढे ती अंगाने भरली, हिरवीगार झाली, आणि जरा डिवचलं की डोक्यामागून दोन केशरी शिंगं बाहेर काढून असा उग्र वास सोडायला लागली की बोट आपोआप मागे यावं. ही फुलपाखराची अळी. लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढणाऱ्या घराण्यातली. २०१५ साली महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेला नीलवंत तिचाच भाऊबंद. तेव्हा फवारा मारायचा तर सेंद्रिय कशाला म्हणवून घ्यायचं? आणि न मारावा तर आमटीला फोडणी कशाची द्यायची? सासूबाईंनी निकाल दिला: उजवीकडची फांदी तिची, बाकीचं आपलं. अळीला तो कितपत मान्य होता कोण जाणे, पण आमटी चालू राहिली.

एवढ्या खटाटोपात विकत आणलेलं रोप जवळजवळ नाहीच. गवती चहाचं ठोंब वहिनींच्या माहेरचं, पानओव्याची फांदी जिन्यातल्या कुंडीतून विचारून तोडलेली, पुदिना भाजीवाल्याच्याच जुडीतल्या काड्या खोचून झालेला. आणि आता पावसाळ्यात घसा धरला की अख्ख्या विंगमधली मुलं वाटी घेऊन आमच्याकडे गवती चहा मागायला येतात. स्वयंपूर्ण व्हायला निघालेल्या घराची बेल पूर्वीपेक्षा जास्तच वाजते.

यंदा अक्षय्य तृतीयेला हळदीचे चार कंद लावलेत. हळद खणायला पार जानेवारी उजाडेल, पण पानं श्रावणातच हातभर होतात. वरच्या मजल्यावरच्या मालवणच्या काकूंनी आताच बजावून ठेवलंय, "नागपंचमीला पानां दुसऱ्या कोणाक देव नको हां." तांदळाचं पीठ, गूळ, नारळ त्यांचा, पान आमचं. पातोळ्या निम्म्या-निम्म्या.