घोट्याच्या वर दोन बोटं

'ड्रेस टू इम्प्रेस' हा रोब्लॉक्स या ऑनलाइन खेळांच्या अ‍ॅपवरचा खेळ घरात लहान मूल असलेल्या बहुतेकांना ऐकून माहीत असेल. एक विषय मिळतो, थोड्या मिनिटांत बाहुलीला सजवायचं, रॅम्पवर चालवायचं, बाकीचे खेळाडू तारे देतात. 2024च्या ऑगस्टमध्ये त्यात चार्ली एक्ससीएक्स या ब्रिटिश गायिकेच्या नावाने कपडे आले होते. माझ्या भाचीला पॉपस्टारच्या पोशाखांचं वेड तिथूनच लागलं. मी इंदूरला ब्लाउज आणि ड्रेस शिवते, घरात कापडाच्या तुकड्यांची पोतीच्या पोती पडलेली असतात, म्हणून त्या खेळाची घरची आवृत्ती आम्ही सुरू केली. पुठ्ठ्याच्या वीतभर बाहुल्या, टाचण्या, मोबाईलवर वेळ लावलेली, आणि ताऱ्यांऐवजी कपाळावर लावायच्या टिकल्या. ज्या बाहुलीला जास्त टिकल्या, ती जिंकली. रविवारी बिल्डिंगमधली मुलं येतात. शिवणाचं टेबल हाच रॅम्प.

पहिला मोठा विषय होता मायकल जॅक्सन. एका मुलीने लाल जाकीट, काळा चष्मा, टोपी, सोनेरी पट्टा, चेन, सगळं एकाच बाहुलीवर चढवलं. माझ्या भाचीने काळा कोट, आखूड पँट आणि डाव्या हाताला पांढरी चमकी एवढंच केलं. टिकल्या कुणाला मिळाल्या ते सांगायला नको. "मावशी, लांबून ओळखू आला पाहिजे ना," असं ती म्हणाली आणि मला ते अगदी पटलं.

त्या पोशाखाबद्दल मी तासभर बोलू शकते. 1983च्या 'मोटाउन 25' या अमेरिकी टीव्ही कार्यक्रमात त्याने मूनवॉक, म्हणजे पुढे चालल्यासारखं दाखवत मागे सरकायचा नाच, पहिल्यांदा रंगमंचावर दाखवला. तेव्हाचा हातमोजा सगळ्यांच्या लक्षात राहिला. मला मात्र पँटची लांबी सगळ्यात हुशारीची वाटते. काळी पँट घोट्याच्या वर संपते, खाली चमकते पांढरे मोजे, त्याखाली काळे बूट. नाच पायांचा आहे, म्हणून नजर बरोबर पायांवर आणून ठेवली आहे. पँट बुटापर्यंत लांब असती तर शेवटच्या रांगेतल्या माणसाला पाय सरकताना दिसलेच नसते. गिऱ्हाईक लांबी सांगतं तेव्हा मी आता विचारते, हे घालून काय करणार आहात? बसणार, नाचणार, की पंगतीत वाढणार?

स्पाइस गर्ल्स या ब्रिटिश मुलींच्या पॉप गटातल्या जेरी हॅलिवेलचा 1997च्या ब्रिट अवॉर्ड्स या संगीत पुरस्कारांमधला ड्रेस मुलांना फार आवडला, कारण तो करायला सोपा. गुच्चीच्या काळ्या आखूड ड्रेसवर ब्रिटिश झेंडा छापलेला टी टॉवेल, म्हणजे भांडी पुसायचा कपडा, तिच्या बहिणीने शिवून दिला होता. जगभर गाजलेला हा पोशाख मुळात घरचं ऑल्टरेशन आहे! आमच्या ओट्यावरचा एक नॅपकिन त्या दिवशी कायमचा गेला.

वरच्या मजल्यावरच्या मुलाने पंजाबी गायक दिलजीत दोसांझ केला. 8 डिसेंबर 2024ला त्याचा कार्यक्रम इंदुरात झाला, तेव्हापासून हा मुलगा पगडीचे पेच शिकतोय. काळा कुर्ता, काळा तहमत म्हणजे पंजाबी लुंगी, पगडी. 2023च्या कोचेला या अमेरिकेतल्या संगीत महोत्सवातला पोशाख. चांगला जमला.

सगळ्यात जास्त मेहनत मात्र उषा उथुप यांच्यावर झाली. हा विषय मीच दिला. पॉपस्टार म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर परदेशीच माणसं येतात आणि ते मला खटकतं. 1969पासून नाइटक्लबात साडी नेसून गाणारी बाई, 2024 साली पद्मभूषण मिळालेली, तिच्याइतका पक्का पोशाख कुणाचा आहे? कांजीवरम, केसांत फुलं, हातभर बांगड्या, कपाळावर मोठ्या टिकलीत बंगाली 'क', कोलकात्याचा. आणि साडीखाली कांजीवरमचे तुकडे लावलेले स्नीकर्स.

खरी अडचण निऱ्यांची. कांजीवरमचा तुकडा वीतभर बाहुलीवर दुमडतच नाही, फुगून घागरा होतो. मग माहेश्वरीचा तुकडा घेतला. उभा धागा रेशमाचा, आडवा सुताचा, त्यामुळे कापड हलकं. हलकी खळ देऊन इस्त्री केल्यावर बोटाएवढ्या निऱ्या उभ्या राहिल्या. काठ कापून करंगळीच्या नखाएवढा ठेवला. मुलांना हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं की बाहुली लहान तर बुटीही लहान हवी, नाहीतर पोटावर थाळी ठेवल्यासारखी दिसते. स्नीकर्स भाचीने जुन्या खोडरबराचे कोरले आणि त्यावर जरीचा तुकडा चिकटवला. त्या बाहुलीला इतक्या टिकल्या मिळाल्या की पाकीट संपलं. ती मी शोकेसमध्ये ठेवली आहे, आणि ब्लाउज टाकायला आलेल्या बायका आधी तिलाच उचलून बघतात.

आता गणेशोत्सवात भाची मंचावर मायकल होणार आहे, यावेळी खऱ्या कापडात. होजियरीचा हातमोजा आणलाय, कारण साधं सुती कापड बोटं वळवली की ओढतं. चमकी फक्त वरच्या बाजूला लावतेय, तळहात मोकळा. दर चार चमक्यांनंतर गाठ मारायची, म्हणजे एक धागा तुटला तर सगळी माळ गळून पडत नाही. कोटाला अस्तर पातळ, मुलीला घाम फार येतो. पँट घोट्याच्या वर दोन बोटं ठेवली आहे. ताईला ती आखूड वाटतेय, दोनदा म्हणून झालं, पण मी उसवणार नाही.