पूजेला ठेवलेली पुस्तकं

आमच्या घरात खिडकीपाशी एक वेताची खुर्ची आहे. निवांत बसून वाचता यावं म्हणून मी ती हौसेनं आणली, त्याला आता नऊ वर्षं झाली. पहिल्या आठवड्यात तिच्यावर बसून मी खरोखर वाचलं. दुसऱ्या आठवड्यात उठताना हातातलं पुस्तक तिथंच ठेवलं. मग त्यावर दुसरं आलं. आज ती चवड खुर्चीच्या पाठीच्याही वर गेली आहे आणि आल्यागेल्याला आम्ही स्टूल देतो.

हा झाला दर्शनी भाग. बाकीची मंडळी दिवाणाच्या खणात, फ्रिजवर, आणि माळ्यावरच्या दोन खोक्यांत आहेत. मागच्या मे महिन्यात मी धीर करून न वाचलेली पुस्तकं मोजली. १४३ भरली. सरासरी अडीचशे पानं धरली आणि रोज रात्री २० पानं वाचली, तर सगळं संपायला पाच वर्षांना सव्वा महिना कमी लागेल. मधल्या काळात एकही नवं पुस्तक घ्यायचं नाही, ही हिशेबाची अट. ती ऐकून नवरा इतका हसला की त्याचा चहा सांडला.

पुस्तकं येतात कशी, हे मात्र मला खरंच सांगता येत नाही. म्हणजे काहींचं सांगता येतं. प्रकाशनपूर्व सवलत नावाचा एक सापळा असतो. तीन खंडांचा संच, आज पैसे भरा, निम्म्या किमतीत घ्या. भरताना त्या विषयाचं वेड डोक्यात असतं. खंड हातात पडतात वर्षभरानं, तेव्हा वेड दुसऱ्याच विषयाचं असतं आणि त्याचेही पैसे भरून झालेले असतात. प्रदर्शनात ‘खोक्यात मावतील तेवढी पुस्तकं’ अशी योजना असली, की मी वाचक राहत नाही, ट्रकमध्ये सामान भरणारा हमाल होते. कोपऱ्यात बोटभर फट उरली म्हणून एकदा मी मधुमेहावरचं एक बारीक पुस्तक घेतलं. आमच्या घरात कुणालाही मधुमेह नाही. तरी ते आहे. लागलंच तर.

चवडीचा एक नियम अनुभवानं कळला. जे सगळ्यात आधी आणलं, ते सगळ्यात खाली. म्हणजे ज्याचा नंबर पहिला, त्याला बाहेर काढणं सगळ्यात अवघड. रेशनच्या रांगेत असं झालं असतं तर भांडणं झाली असती. इथं तळातलं पुस्तक वरच्या चाळीस जणांचा भार मुकाट सोसतं आणि काल आलेलं आगाऊ पुस्तक आधी वाचून होतं. किंवा तेही होत नाही.

गंमत म्हणजे मी वाचत नाही असं नाही. ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयाची मी जुनी सभासद आहे. १८९३ साली सुरू झालेली ही संस्था. तिथून आणलेलं पुस्तक मी कुकरच्या शिट्ट्या मोजतानासुद्धा वाचते, कारण ते परत करायचं असतं. परक्याचं पुस्तक पाहुण्यासारखं, त्याच्याकडे आधी बघावं लागतं. स्वतःचं काय, घरचंच आहे, कुठं पळून जातंय! नवऱ्यानं यावर उपाय सुचवला होता: आपल्याच पुस्तकांवर परतीच्या तारखा टाक आणि उशीर झाला की मला दंड दे. दोन महिने केलं. त्याची चांगली कमाई झाली.

दिवाळी अंकांचं दुखणं आणखी वेगळं. १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक निघाला, तेव्हापासून मराठी माणूस फराळाबरोबर वाचायचे संकल्प करत आला आहे. मी दरवर्षी सहा अंक घेते आणि दोन चाळते. उरलेले पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत सापडतात. तेव्हा मी त्यांतलं एकच पान मन लावून वाचते: सरलेल्या वर्षाचं राशिभविष्य. ‘चैत्रात प्रवासयोग.’ चैत्रात मी बाथरूमची गळती काढत होते. भविष्य असं वर्षभर मुरवून वाचलं की त्यासारखा विनोदी मजकूर नाही.

घरात जागेवरून वाद झाला, की मी दादरच्या राजगृहाचा दाखला द्यायचे. डॉ. आंबेडकरांनी ग्रंथांना पुरेशी जागा मिळावी म्हणून घर बांधलं, आणि तू एका खुर्चीवरून बोलतोस? नवरा शांतपणे म्हणाला, “ते वाचायचे.” तेव्हापासून मी हा दाखला देणं बंद केलं.

भाचीनं मध्यंतरी सांगितलं की पुस्तकं आणून न वाचता साठवण्याला जपानीत ‘त्सुंदोकू’ असा शब्द आहे. मला जरा बरं वाटलं. दुखण्याला नाव मिळालं की निम्मं दुखणं कमी होतं. पण आमच्या सासूबाईंना जपानी शब्दाची गरज पडली नाही. खुर्चीवरची धूळ पुसता पुसता त्या म्हणाल्या, “अगं, वाचायची आहेत की पूजेला ठेवली आहेत?”

त्यांच्या त्या वाक्यानं मला एकदम आमच्या लहानपणचा दसरा आठवला. पाटीवर एक-एकच्या आकड्यांची सरस्वती काढायची, पाटावर पुस्तकं मांडायची, वर झेंडूची फुलं. आणि एकदा पुस्तक पूजेला लागलं, की त्या दिवशी त्याला हात लावायचा नाही. वर्षातला हा एकच दिवस असा, की अभ्यास न करणं हीच भक्ती. मी गणिताचं पुस्तक मुद्दाम सगळ्यात खाली सरकवायचे. म्हणजे चवड रचण्याची विद्या तेव्हापासूनचीच. फक्त आमच्याकडे आता दसरा सोनं वाटून संपत नाही.

जूनमध्ये पहिला पाऊस झाला की मी सगळी पुस्तकं उतरवते. आमच्याकडची दमट हवा कागदाला सोसत नाही. पानं फुगतात, कडेला बुरशी धरते, आणि ती चंदेरी कसर शिवणीत लपून बसते. प्रत्येक पुस्तक झटकायचं, पुसायचं, मध्ये वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवायच्या. दोन दिवसांचं काम आहे. न वाचलेल्या पुस्तकांची इतकी सेवा मी करते, याचं मलाच नवल वाटतं. वाचलेल्यांना आमच्याकडे डांबरगोळीसुद्धा मिळत नाही.

यंदा असंच झटकताना खुर्चीवरचं अगदी तळातलं पुस्तक हातात आलं. हुतात्मा चौकाजवळच्या फुटपाथवर तीस रुपयांना घेतलेलं, हे आठवलं. का घेतलं, ते आठवलं नाही. पहिल्या पानावर निळ्या शाईत लिहिलेलं होतं: ‘प्रिय ताईस, एकविसाव्या वाढदिवसानिमित्त, १९७४.’ अक्षर वळणदार, खाली नाव फिकट झालेलं. पानं उलटत गेले तर ११२च्या पुढची दोन पानं वरच्या कडेला जोडलेलीच. छापखान्यात कापायची राहून गेलेली.

म्हणजे ताईनं ते वाचलेलं नव्हतं. निदान ११३च्या पुढे तरी गेली नव्हती. तिच्याही घरात एखादी खुर्ची असणार, तिथून ते रद्दीत गेलं, रद्दीतून फुटपाथवर, आणि मग माझ्या तळाशी. पन्नास वर्षं एका चवडीतून दुसऱ्या चवडीत. ज्या भावानं किंवा बहिणीनं इतक्या सुबक अक्षरात ते दिलं, त्यानं कधी विचारलं असेल का, “वाचलंस का गं?” आणि ताई काय म्हणाली असेल? मला तिचं उत्तर पाठ आहे. “सुरू केलंय.”

मी स्वयंपाकघरातून भाजीची सुरी आणली. हात पुसला, पातं घडीत घातलं आणि हळूच ओढलं. कागदाचा बारीकसा आवाज झाला, थोडा भुगा पडला. ओट्याला टेकून मी ११४वं पान वाचायला घेतलं, उभ्यानंच. खुर्ची रिकामी होती, पण ओल्या फडक्यानं पुसल्यामुळं ती अजून ओली होती.