बर्फातलं आळं

आमच्या वाडीत एकशे बारा माड आहेत आणि प्रत्येकाला आळं आहे. पाऊस ओसरला की खोडाभोवती गोल खणायचं, काठाला मातीचा बांध घालायचा, आत शेणखत नि पालापाचोळा, वर थोडं मीठ. शिंपलेलं पाणी इकडेतिकडे न जाता मुळांशी मुरावं, एवढ्यासाठी हा खटाटोप. लग्न होऊन आचऱ्याजवळच्या या गावात आले त्याला वीस वर्षं झाली, आणि आळी करून करून माझ्या कमरेने कधीच हात टेकले आहेत. आळं माणूस करतो, झाडासाठी करतो, असं मी धरून चालले होते. झाड आपलं आपणही आळं करतं आणि त्यात माणूस डोक्यावर जाऊ शकतो, हे कळायला गेल्या फेब्रुवारीत गुलमर्ग गाठावं लागलं.

मालवण तालुक्यातली बाई स्कीइंग कशाला करते, हे आमच्या एसटी स्टँडवर मला विचारून झालेलं आहे. आमच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी असतात. बंगळुरूहून आलेल्या एका पाहुणीने हा नाद लावला. चार वर्षांपूर्वी तिच्याबरोबर गुलमर्गला कोर्स केला, पहिले तीन दिवस नुसती पडले, चौथ्या दिवशी वळता आलं, आणि मग काही ते सुटलं नाही. आंगणेवाडीच्या जत्रेत खोल्या भरतात, त्यामुळे मी जत्रेच्या आधी आठ दिवस काढते. जत्रेची तारीख देवीच्या कौलावर ठरते, म्हणून माझं विमानाचं तिकीट कायम ऐनवेळचं नि महाग.

तर गेल्या खेपेला सलग तीन दिवस बर्फ पडला. चौथ्या दिवशी आभाळ उघडलं. गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, वरचा टप्पा, जो अफरवत डोंगरावर साधारण ३,९८० मीटरपर्यंत जातो, तो बंद होता, कारण इतक्या ताज्या बर्फावर हिमस्खलनाची भीती असते. खालचा टप्पा चालू होता. हा टप्पा १९९८ सालचा, म्हणजे आपली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली त्याच वर्षीचा. तो कोंगडोरीला सोडतो आणि तिथून खाली गुलमर्गपर्यंत जंगलातून उतार आहे. पर्यटक तिथल्या प्रत्येक झाडाला देवदार म्हणतात. वरच्या उतारावर झाडं आहेत ती मुख्यतः फरची, आणि या गोष्टीत तो फरक महत्त्वाचा आहे.

फरच्या फांद्या पार खालपर्यंत असतात. आमच्या अंगणातला रायवळ आंबा आठवा. मृगाची पहिली सर आली की सगळं अंगण भिजतं, पण खोडाभोवतीची माती बराच वेळ कोरडी राहते, कोंबड्या तिथे जाऊन उभ्या राहतात. तसंच तिथे बर्फाचं होतं. फांद्या छत्रीसारख्या बर्फ अडवतात, खोडाशी कमी पडतो. जो पडतो तोही दबून घट्ट होत नाही, भुसभुशीत राहतो, मधे पोकळ्या राहतात. बाहेर मात्र बर्फ चढतच जातो, आणि खालच्या फांद्या त्याच्या वजनाने वाकून त्या खड्ड्यावर झाकण घालतात. वरून पाहाल तर गुबगुबीत पांढरी गादी. आत पुरुषभर खोल आळं असू शकतं.

दुपारी दोन वाजता आम्ही तिघं कोंगडोरीच्या टपरीवर होतो. मैत्रिणीचे गुडघे बोलायला लागले होते, तिच्या भावाला दुसरा कहवा हवा होता. मी म्हटलं, तुम्ही बसा, मी एक फेरी मारून येते. हे वाक्य मी आजवर किती वेळा किती ठिकाणी बोलले असेन! मशीनने चोपलेल्या उतारावरून निघाले, मग डावीकडे झाडांत कुणाच्या तरी स्कीच्या दोन रेघा गेलेल्या दिसल्या. ज्याअर्थी कुणी गेलंय त्याअर्थी वाट बरी असणार, असं मनाशी म्हटलं. माझ्या आधी तिथून गेलेला माणूस झाडापासून किती अंतर ठेवून गेला होता, ते पाहायचं सुचलं नाही.

पाचव्या की सहाव्या वळणावर उजव्या स्कीचं टोक बर्फाखालच्या कशात तरी अडकलं. मी पुढे झाडाच्या दिशेने पडले, आणि पडतच राहिले. पडल्यावर जमीन लागते ही माझ्या शरीराची खात्री होती, ती लागलीच नाही. थांबले तेव्हा डोकं खाली होतं, पाय वर फांद्यांत, स्की अजून पायात. वरच्या फांद्यांवरचा सगळा बर्फ माझ्यामागून आत आला.

तांदळाच्या पिठीच्या डब्यात तोंड खुपसलं तर कसं होईल, तसं होतं ते. तोंडात, नाकात, गॉगलच्या आत, कॉलरमधून पाठीवर. पिठीला धरायला काही नसतं. हाताने रेटलं की हात आत जातो आणि मोकळ्या झालेल्या जागेत आणखी पिठी येते. डावा हात मागे अडकला होता. पोलचा, म्हणजे हातातल्या स्कीच्या काठीचा, पट्टा मनगटात होता आणि पोल दोन फांद्यांत आडवा बसला होता. मी हात ओढला तितका पट्टा आवळला. उजवा हात नशिबाने तोंडासमोर दुमडलेला राहिला, कोपराच्या बेचक्यात नारळाच्या करवंटीएवढी हवा होती. मी पाय झाडले. वरून आणखी बर्फ आला. पुन्हा झाडले, पुन्हा आला. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला की ही बाई स्वतःलाच पुरते आहे.

मग गप्प राहिले. बोटांनी तोंडापुढचा बर्फ हळूहळू दाबून बाजूला केला, जागा थोडी वाढली. हाक मारली. माझी हाक गावात प्रसिद्ध आहे, बंदरावरून मारली तर खाडीपलीकडचे वळून बघतात. तिथे ती गोधडीत मारल्यासारखी माझ्याच कानात राहिली.

मला वाचवलं ते एका स्कीच्या टोकाने. एक स्थानिक गाइड आपल्या गिऱ्हाइकाला घेऊन वरच्या वळणावर थांबला होता, त्याला फांद्यांत काहीतरी लाल दिसलं. माझी स्की लाल आहे. ती मी रंगावरून घेतली होती तेव्हा घरचे हसले होते. बुटाशी कुणाचा तरी हात लागला आणि आवाज आला, "मॅडम, हिलो मत. बिल्कुल मत हिलो."

त्याने मला पायाला धरून ओढलं नाही. मला वाटलं होतं ओढेल. माझं डोकं कुठे असेल याचा त्याने अंदाज घेतला, उताराच्या खालच्या अंगाला गेला आणि बाजूने माझ्या तोंडाच्या दिशेने बोगदा खणायला लागला. वरून खणलं असतं तर तो बर्फ माझ्याच तोंडावर आला असता. फावड्याचे आवाज जवळ येत गेले, निळसर उजेड आला, मग त्याचा हातमोजा. पहिल्यांदा त्याने माझं तोंड नि नाक मोकळं केलं. स्की, पोल, बाकी सगळं नंतर. मी विचारलं, मी किती वेळ होते? मला अर्धा तास वाटला होता. त्याच्या गिऱ्हाइकाने घड्याळ पाहिलं होतं, त्यांनी मला पाहिल्यापासून सात मिनिटं झाली होती. त्याआधीची पकडून दहाबारा असतील.

संध्याकाळी तो हॉटेलवर आला. नून चाय घेत, मीठ घातलेल्या त्या गुलाबी चहाला मी अजून सरावलेले नाही, त्याने मला शांतपणे फैलावर घेतलं. यात माणूस थंडीने मरत नाही, गुदमरून मरतो, आणि त्याला पंधरा-वीस मिनिटंही पुरतात. हिशोब बुडणाऱ्या माणसाचाच. नंतर मी वाचलं ते असं, की उत्तर अमेरिकेत मुद्दाम प्रयोग करून पाहिले, स्वयंसेवकांना तयारीनिशी अशा आळ्यांत उतरवलं, तर ९० टक्के जणांना स्वतःहून बाहेर येता आलं नाही. धडधाकट माणसं, खाली काय आहे ते आधी ठाऊक असलेली, वर मदतीला लोक उभे. मी कोकणातून गेलेली त्रेचाळीस वर्षांची बाई त्या उरलेल्या दहांत बसले असते असं समजायला काही कारण नाही.

"आपने आवाज़ दी थी?" त्याने विचारलं. दिली होती म्हटलं. "बर्फ आवाज़ खा जाता है," तो म्हणाला.

हे वाक्य मला फार लागलं, कारण माझं सगळं शहाणपण हाकेवर उभं होतं. आमच्या खाडीच्या खाजणात ओहोटीला बायका मुळे, म्हणजे शिंपल्या, काढायला जातात. चुलत सासूबाई, ज्यांना अख्खं गाव काकी म्हणतं, त्या सगळ्यांच्या पुढे. मी नवीन होते तेव्हा एकदा परडी घेऊन एकटीच निघाले, तर पाणंदीत त्यांनी अडवलं, "एकटी खंय चललंस गो? रुतलंस तर हाक कोण आयकतलो?" चिखलात मांडीपर्यंत रुतलेली बाई मी पाहिली आहे. झटापट केली की आणखी खाली. काकीने तिला आडवं पडायला लावलं, पाय थोडा थोडा हलवून चिखलात पाणी शिरू दिलं, नि अर्ध्या तासाने बाहेर काढलं. मधे दोघी कुणाच्या तरी लग्नाबद्दल बोलत होत्या. ही तुलना फार ताणण्यात अर्थ नाही. चिखल पाय धरतो, नाकतोंड मोकळं असतं, आणि भरतीला अजून वेळ असतो. खाजणात हाकेच्या अंतरावर कुणी असलं की भागतं. बर्फात हाकेचं अंतर हे मापच नाही. तिथे नजरेचं अंतर लागतं.

म्हणजे माझे दोघे सोबती टपरीवर न बसता माझ्याबरोबर निघाले असते आणि पुढे जाऊन खाली लिफ्टपाशी माझी वाट बघत उभे राहिले असते, तरी मी एकटीच होते. खालून वर, कमरेएवढ्या मऊ बर्फातून, माझ्यापर्यंत पोचायला त्यांना किती वेळ लागला असता? तेवढा श्वास माझ्याकडे नव्हता. अशा आळ्यांत गेलेल्यांपैकी कित्येकांबरोबर सोबती होते, फक्त ते दिसत नव्हते.

उरलेले दोन दिवस आम्ही वेगळे खेळलो. एकजण दहाबारा झाडं खाली जातो, मोकळ्या जागी थांबतो, वर बघतो. मग दुसरा येतो. सगळा वेळ कुणी ना कुणी कुणाकडे तरी बघतंय. कंटाळवाणं वाटतं खरं, मैत्रिणीचा भाऊ कुरकुरला. पण मग त्याने ते आळं पाहिलं, मी दाखवायला नेलं होतं, आणि कुरकुर थांबली. माझ्या अंगाचा साचा अजून तिथे होता. खोडाच्या बाजूला फांदीचं एक तुटकं टोक होतं, जे मी पडताना धरलं असतं तर बहुधा डोकं वर राहिलं असतं. पडतोय असं वाटताच खोड किंवा फांदी कवटाळायची, डोकं बर्फाच्या वर ठेवायचं, ओरडायचं, हे मला गाइडने त्या झाडापाशी उभं राहून दोनदा करून दाखवलं.

एकट्याने जायचंच असेल तर? जा की, मीही जाईन. पण ताजा खोल बर्फ असेल त्या दिवशी चोपलेल्या उतारावरच, झाडांत नाही. दोन झाडांच्या मधल्या मोकळ्या पट्ट्याकडे बघत वळायचं, कारण जिकडे नजर तिकडे स्की, हे सायकल शिकलेल्या कुणालाही माहीत असेल. शिटी आता माझ्या जॅकेटच्या कॉलरलाच शिवलेली आहे, ओठाला लागेल अशी. खिशातल्या शिटीपर्यंत माझा हात पोचला नसता. ट्रान्सीव्हर (बर्फाखालच्या माणसाचा ठाव देणारं यंत्र), फावडं, प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) मी भाड्याने घेते, आणि माझ्या सोबत्याकडेही ते असल्याशिवाय जंगलाकडे वळत नाही, कारण माझ्या पाठीवरच्या फावड्याने मला कोण खणून काढणार? तिथल्या स्की पेट्रोलचा, म्हणजे उतारावरच्या बचाव पथकाचा, नंबर फोनमध्ये सर्वात वर आहे. स्नोबोर्डवाल्यांचं आणखी अवघड, दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले. बाकी सोबती आळ्यात गेलाच तर मदत आणायला त्याला सोडून पळायचं नाही. फोन करायचा, शिटी मारायची नि खणायला लागायचं, बाजूने.

आणि पोलचे पट्टे. झाडांत शिरताना मनगट त्यातून बाहेर, असं गाइड म्हणाला. मी घरी आल्यावर ते काढूनच टाकले.

काकीला सगळं सांगितलं तेव्हा त्या ओटीवर सुपारी कातरत होत्या. बर्फ त्यांनी मासळीवरचाच पाहिला आहे. "बर्फाक पण आळां?" त्यांनी विचारलं, आणि मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्या आठवड्यात मुळे काढायला जाताना दोनदा मला हाक मारून गेल्या, त्या एरवी मारत नाहीत.

पट्टे मी कचऱ्यात टाकले होते. जूनमध्ये परसात पडवळाचा मांडव घातला तेव्हा बघते तर कोपऱ्यातल्या मेढीला काकीने काथ्याऐवजी त्यातलाच एक आवळून बांधला होता. बकलासकट.