ऑर्किडची पानं सुरकुतली? आधी मुळं बघा

आज बेळगावच्या टिळकवाडीत एका गॅलरीतलं फॅलेनॉप्सिस (घरोघरी दिसणारं रुंद पानांचं ऑर्किड) बघायला मिळालं. पानं लोंबलेली, सुरकुतलेली, आणि घरच्या मावशी रोज तांब्याभर पाणी घालतायत! कुंडी उचलली तर चांगलीच जड. निदान तिथंच झालं.

मुळं कुजली की पाणी वर चढतच नाही. झाड ओल्यात उभं राहून तहानेनं सुकतं आणि आपण आणखी पाणी ओततो. पारदर्शक कुंडीत ओळखणं सोपं: मूळ रुपेरी-पांढरं म्हणजे कोरडं, हिरवं म्हणजे अजून ओल आहे. शंका आली तर बोटानं दाबा. घट्ट लागलं तर जिवंत. तपकिरी, लिबलिबीत, साल सटकून आत नुसता दोरा उरला तर ते गेलं. कात्री स्पिरिटनं पुसून कापा आणि झाड नव्या बार्कमध्ये (झाडाच्या सालीच्या तुकड्यांत) लावा. नर्सरीतल्या रोपाच्या बुडाशी बऱ्याचदा मॉसचा (वाळवलेल्या शेवाळाचा) गच्च गोळा असतो, तोही काढा. वरून सगळं कोरडं दिसतं, आत तो ओलाच असतो.

वार ठरवून पाणी घालणं बेळगावात चालत नाही. पावसाळ्याच्या दमट हवेत बार्क 8-10 दिवसही ओलं राहतं, एप्रिलच्या उन्हात 4-5 दिवसांत वाळतं. पाणी सकाळीच, खालून वाहून जाईपर्यंत. मग बशी रिकामी करायची. पानांच्या मधल्या बेचक्यात पाणी साचलं तर कागदी रुमालानं लगेच टिपा, नाहीतर शेंडाच कुजतो. आणि पाण्याऐवजी कुंडीत बर्फाचे खडे ठेवायची ती इंटरनेटवरची युक्ती? उगाच कशाला, साधं नळाचं पाणी रात्रभर ठेवून वापरा.