ताकद असली की वॉक आपोआप मिळतात का?

बेसबॉल नुकताच पाहू लागलेली मंडळी मला हमखास विचारतात: लांब होमरन (चेंडू थेट मैदानाबाहेर धाडणारे फटके) मारणाऱ्यांच्या नावापुढे वॉकचे आकडेही मोठे का दिसतात? पिचर त्यांना घाबरतात म्हणून, की त्यांची नजर मुळातच चांगली असते म्हणून? तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो. माझं मत असं की ताकदीमुळे पिचर चेंडू प्लेटपासून (बॅटरच्या शेजारी जमिनीवर बसवलेल्या पाटीपासून) लांब टाकू लागतो, आणि ताकदीचं काम तिथेच संपतं. तो लांबचा चेंडू सोडायचा की त्याच्यावर बॅट फिरवायची, हे बॅटरने ठरवायचं असतं.

नियम थोडक्यात: प्लेटच्या वर, बॅटरच्या गुडघ्यापासून छातीपर्यंतची जागा म्हणजे स्ट्राइक झोन. त्याबाहेरचा सोडलेला चेंडू म्हणजे ‘बॉल’; झोनमध्ये आलेला सोडला किंवा बॅट फिरवूनही हुकला, की ‘स्ट्राइक’, आणि तीन स्ट्राइक झाल्या की बॅटर बाद. चार बॉल झाले, की तो पहिल्या बेसवर जातो. तोच वॉक.

आता पिचरच्या जागी उभे राहून पाहा. काउंट ३-१ आहे, म्हणजे तीन बॉल, एक स्ट्राइक. समोर हलक्या हाताचा बॅटर असेल तर पिचर फास्टबॉल सरळ प्लेटवर टाकून मोकळा होतो. बॅट बसलीच तर बहुधा सिंगल, म्हणजे एका बेसपुरता फटका, बसेल, आणि वॉक देऊनही तो पहिल्या बेसवर जाणारच होता. पण समोर ॲरन जजसारखा होमरन मारणारा बॅटर असेल, तर तोच चेंडू प्रेक्षकांत जाऊन पडू शकतो. होमरनची किंमत सरासरी १.४ धावांच्या आसपास धरतात आणि वॉकची ०.३ च्या आसपास. या हिशेबामुळे कॅचर ग्लोव्ह बाहेरच्या कडेवर धरतो, कधी कडेच्याही पलीकडे. प्लेट अवघी १७ इंच रुंद. मधोमध नेम धरलेला चेंडू तीन इंच सरकला तरी स्ट्राइकच राहतो, पण कडेवर नेम धरलेला चेंडू तेवढाच बाहेर सरकला की बॉल ठरतो. जजला २०२४ मध्ये १३३ वॉक मिळाले. त्यातले २० जाणूनबुजून दिलेले होते. बाकीचे बरेचसे असेच, कडेशी चाललेल्या या खेळातून आले असणार.

ही भीती किती टोकाला जाऊ शकते, ते बॅरी बॉन्ड्सने दाखवलं. २८ मे १९९८ ला ॲरिझोना ८-६ ने पुढे होती. नववी म्हणजे शेवटची इनिंग, तिघांपैकी दोन बाद, तिन्ही बेस भरलेले आणि प्लेटवर बॉन्ड्स. ॲरिझोनाचे मॅनेजर बक शोवॉल्टर यांनी त्याला जाणूनबुजून वॉक द्यायला लावला. बेस भरलेले असताना वॉक दिला की तिसऱ्या बेसवरचा खेळाडू धाव पूर्ण करतो, म्हणजे एक धाव आपण होऊन देऊन टाकली! स्कोअर ८-७ झाला, पुढच्या ब्रेंट मेनने मारलेला चेंडू उजवीकडच्या फील्डरने झेलला आणि ॲरिझोना जिंकली. पुढे २००४ मध्ये बॉन्ड्सला एकूण २३२ वॉक मिळाले, पैकी १२० जाणूनबुजून. हे १२० निव्वळ ताकदीच्या खात्यावर घालायला माझी हरकत नाही. पण ते वजा केले तरी ११२ उरतात, आणि बहुतेक बॅटरांना संपूर्ण मोसमात एकूण तेवढेही मिळत नाहीत. त्या ११२ साठी त्याला चेंडू ओळखून सोडावेच लागले.

नुसत्या ताकदीवर वॉक मिळत असते, तर सॅल्व्हाडोर पेरेझला ते ढिगाने मिळाले असते. २०२१ मध्ये त्याने ४८ होमरन मारले. वॉक? २८. आंद्रे डॉसनचं १९८७ चं मोसमही तसंच: ४९ होमरन, ३२ वॉक. अशा बॅटरला झोनमध्ये चेंडू टाकायची पिचरला गरजच उरत नाही. बाहेर टाकलेल्यावरही तो बॅट फिरवणार असेल तर आत टाकायचा कशाला? म्हणजे ताकदीमुळे त्याला वाईट चेंडू जास्त मिळतात, आणि तो ते बॉल होऊ देत नाही.

मला सगळ्यात बोलकं उदाहरण वाटतं ते सॅमी सोसाचं. १९९७ मध्ये ३६ होमरन आणि फक्त ४५ वॉक. पुढच्याच वर्षी ६६ होमरन, ७३ वॉक. २००१ मध्ये होमरन ६४, म्हणजे दोन कमीच, पण वॉक ११६. त्यातले ३७ जाणूनबुजून दिलेले होते हे खरं. ते बाजूला ठेवले तरी ७९ उरतात, चार वर्षांपूर्वीच्या एकूण आकड्यापेक्षा बरेच जास्त. पिचरची भीती वाढली होती आणि सोसाही जास्त चेंडू सोडायला शिकला होता. दोन्ही जुळून आलं तेव्हाच आकडा चढला.

एक गोष्ट सहसा कुणी लक्षात घेत नाही. जोरात बॅट फिरवणाऱ्याचे चेंडू हुकतातही जास्त. हुकला की स्ट्राइक मिळते, पण तिसरी स्ट्राइक होईपर्यंत खेळी संपत नाही. काउंट लांबतो आणि चौथ्या बॉलपर्यंत पोचायची संधी शिल्लक राहते. उलट ज्याची बॅट चेंडूला हटकून लागते, त्याचा निकाल दुसऱ्या-तिसऱ्या चेंडूवरच लागून जातो. डी गॉर्डनने २०१५ मध्ये .३३३ सरासरीने नॅशनल लीगचं बॅटिंगचं विजेतेपद मिळवलं, वॉक मात्र २५. त्याच्याकडे लांब मारायची ताकद नव्हती, त्यामुळे पिचर बिनधास्त झोनमध्ये टाकत, आणि तो ते मारत असे.

मग ताकद नसलेल्याने वॉक मिळवायचेच नाहीत का? एडी योस्टने १९५६ मध्ये ११ होमरन आणि .२३१ सरासरीवर १५१ वॉक मिळवले. त्याच्या बॅटची भीती वाटावी असं काही नव्हतं. चेंडू ओळखून सोडण्यात त्याचा हात धरणारे थोडेच होते.

कारकिर्दीतल्या एकूण वॉकच्या यादीत पहिला बॉन्ड्स आहे, २,५५८ वॉक आणि ७६२ होमरन. दुसरा रिकी हेंडरसन, २,१९० वॉक आणि २९७ होमरन. हेंडरसनला वॉक देणं पिचरला अजिबात परवडत नसे, कारण पहिल्या बेसवरून तो दुसरा बेस चोरायचा. कारकिर्दीत त्याने १,४०६ बेस चोरले. त्याला झोनमध्ये चेंडू टाकायची पिचरला मनापासून इच्छा असायची. पण तो इतका वाकून उभा राहायचा की झोन अगदीच लहान व्हायचा, आणि त्याबाहेर पडलेल्या चेंडूला तो सहसा हात लावत नसे.